ओडेसाच्या सहा मुक्या तासिका

हेरॉन क्रीक, पेनसिल्व्हेनिया
गुरुवार, १२ मार्च २००९

सकाळी सहाला उठलो. ओटची लापशी केली, थोडी करपली. बर्फ आता फक्त उत्तरेकडच्या कुंपणापाशी उरला आहे. दुपारी दोन चाळीस ते तीन पंचवीस शाळेत ओडेसाची शिकवणी. चारला घरी परत. दिवस एवढाच.

प्रिय फीबी,

तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढता येतात का? आणि तुमच्या प्रार्थनेच्या सभाघराला पायऱ्यांऐवजी तो उतार बांधला की नाही? (मागे तू लिहिले होतेस की उतार लाकडाचा असावा की सिमेंटचा यावर तुमच्या सभेत अकरा महिने विचार चालला आहे, आणि ज्यांच्यासाठी तो बांधायचा त्यांपैकी दोघे तोवर वारले.) मी ठीक आहे. जेवतो. माझी लेटी गेल्यापासून तुझी चार पत्रे आली आणि माझे एकही गेले नाही, हे मला ठाऊक आहे. तू रागावली नसशील, कारण चारही पत्रांत तू रागावलेली नाहीस असे लिहिले आहेस.

आज लिहितो आहे ते काळजीपोटी. २ एप्रिलला ओडेसा प्रिडीची भूमितीची फेरपरीक्षा आहे. ती नववीत आहे. या परीक्षेत पास झाली नाही तर तिची शिष्यवृत्ती थांबेल आणि सप्टेंबरपासून तिला आपली शाळा सोडावी लागेल. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली ती माझ्यामुळे. हे मी आधी थोडक्यात लिहून पाहिले, पण थोडक्यात लिहिले की ते दुसऱ्याच कोणीतरी केल्यासारखे वाटते. म्हणून सविस्तर लिहितो. तू निवृत्त होईपर्यंत अडतीस वर्षे गणित शिकवलेस, तेव्हा वाचताना तुला त्रास होईल. खुर्चीत बसून वाच.

डिसेंबरात मिज यार्नल घरी आली. (मिज शाळेत लेटीच्या हाताखाली नऊ वर्षे होती. ज्या मुलांना शिकताना अडते त्यांना जादा मदत देण्याचा शाळेतला सगळा विभाग आता तीच बघते. लेटीच्या स्मृतिसभेच्या दिवशी जिने चुकून तुझा कोट नेला, ती ही.) ती म्हणाली, मुलांसोबत बसायला माणसे कमी पडतात, आणि तू जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्यास, तेव्हा भूमिती तुला येतच असणार. मी म्हणालो, भूमिती येते, बोलता येत नाही. त्यावर मिज म्हणाली, “बोलायचंच नाहीये, लॉइड. बहुतेक शिकवणारे नको तितकं बोलतात. तू गणिताचा कागद पुढे ठेव आणि थांब. पहिलं वाक्य मुलाचं असू दे.” फीबी, सत्तर वर्षांत मला कोणी इतके माझ्या बेताचे काम दिले नव्हते. तरी हो म्हणायला मला सात आठवडे लागले. किती वेळ थांबायचे हे मात्र मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पुढे कळले की त्यांच्या पुस्तकात सात सेकंद दिले आहेत. सात सेकंदांत माझा चष्मा डब्यातून बाहेर येत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी सुरुवात झाली. काचेच्या दाराची छोटी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. ओडेसाला मागच्या वर्षी लेटी शिकवत असे. उंच मुलगी, गळ्यात लाल हेडफोन, पायांत खाणकामगाराचे वाटतील असे बूट. ती आली, बसली, हेडफोन काढून दप्तरात ठेवला आणि हात मांडीवर ठेवले. मी दोन त्रिकोणांचा कागद पुढे सरकवला (हे एकरूप आहेत असे सिद्ध करा) आणि तिच्या पहिल्या वाक्याची वाट बघू लागलो. आता तुला माहीतच आहे, आपल्या पंथाच्या शाळेत कुठलाही तास सुरू होतो तो रविवारच्या मौनसभेसारखा थोडे गप्प बसून, आणि ते गप्प बसणे संपवायचे असते मोठ्या माणसाने, हात मिळवून. मी पाच वर्षांचा असल्यापासून सभेच्या बाकांवर बसलो आहे. पण मला हे सुचले नाही, कारण माझ्या लेखी मी मौनात बसलेलो नव्हतो, मी शिकवत होतो. पंचेचाळीस मिनिटे शिकवले. घंटा झाली. मी उठलो, आणि कोणाच्या शेजारी इतका वेळ शांत बसल्यावर माझा हात जसा आपोआप पुढे जातो तसा गेला. तिने तो हातात घेतला, आपल्या रीतीने नुसते नाव घेऊन हळू आवाजात “थँक यू, लॉइड” म्हणाली आणि गेली. मला वाटले, पहिल्या दिवसाच्या मानाने बरे झाले.

दुसऱ्या वेळी तिने येताना कागदी रुमालांचे पाकीट आणले आणि टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवले. मला वाटले, तिला सर्दी झाली आहे. तिसऱ्या वेळी माझ्यासाठी पावासारखा मऊ, खारा प्रेट्झेल आणला, कागदात गुंडाळलेला, अजून कोमट. चौथ्या वेळी तिने मान खाली घातली, म्हणून मीही घातली. आठवड्याचा अहवाल लिहायचा असतो. त्यात मी लिहिले की ओडेसा आणि मी दोघेही स्थिर होत आहोत, घाई करू नये. दुसऱ्या कुठल्या शाळेत असा अहवाल दिला असता तर कोणीतरी येऊन पाहिले असते. आपल्या शाळेत येऊन पाहिले, पण कौतुकाने. प्रवेशासाठी आलेल्या आईबापांना मुख्याध्यापक आमच्या काचेपाशी घेऊन येऊ लागले. (दार पातळ आहे, सगळे ऐकू येते.) “इथे आम्ही मुलांना उत्तरं देत नाही,” ते म्हणत होते, “उत्तराला जागा देतो.” एका बाईने डोळे पुसले. हे आपल्याबद्दल चालले आहे हे लक्षात येऊन मी पाठ ताठ केली, हे कबूल करतो.

अशा सहा तासिका झाल्या. परीक्षेत ओडेसाला शंभरात चौतीस गुण पडले. ज्या प्रश्नांत आकडे होते ते जेमतेम सुटले होते. ज्यात सिद्धता लिहायची होती ते पान कोरे होते. अगदी कोरे नव्हते. लिहून खोडल्याच्या खुणा होत्या.

मिजने आम्हा दोघांना समोर बसवले आणि विचारले, “सहा तासिकांत तुम्ही केलंत तरी काय?” मी थांबलो, कारण पहिले वाक्य मुलाचे असू द्यायचे. ओडेसा माझ्याकडे बघत थांबली. मिज नियमाने वागणारी, ती सात सेकंद थांबली. मग ओडेसाच म्हणाली, “मिज, याला ओरडू नकोस. तो लेटीसाठी मौनात बसतो. मी नुसती सोबत बसते.”

“आणि भूमिती?”

“बायको गेलीय त्याची! मधेच त्रिकोण कुठे काढू? आणि शेवटी हात मिळवतो ना तो. म्हणजे सभाच झाली की ती.”

मी म्हणालो, “मी तुझ्या पहिल्या वाक्याची वाट बघत होतो.”

“सहा दिवस?” ओडेसा खुर्चीतून अर्धी उठली. “लॉइड, माझी आजी टेलिफोन कंपनीची सुद्धा एवढी वाट बघत नाही! आणि मी तुला रुमाल आणून देत होते!”

“मला वाटलं तुला सर्दी आहे.”

मिजने कपाळ टेबलाला टेकले. मला वाटले रडते आहे, पण तिचे खांदे वेगळ्याच कारणाने हलत होते. मग तिने डोके वर करून माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले आणि म्हणाली, “तुझ्यापुढे हात टेकले मी, लॉइड. माणसाने हट्टी असावं, पण इतकं?” कसला हट्ट ते तेव्हा मला कळले नाही. ओडेसाही हसत होती. मग तिची नजर टेबलावरच्या उत्तरपत्रिकेवर गेली आणि तिने विचारले, “म्हणजे आता मला जावं लागणार का?” बस किती वाजता सुटते हे विचारावे तशा आवाजात विचारले. फीबी, मी लापशी ढवळत असतो तेव्हा तो आवाज मला ऐकू येतो. लापशी करपते ती त्यामुळे.

परवा मंगळवारी शाळेच्या समितीची बैठक झाली. मी राजीनामा द्यायला गेलो होतो. ओडेसाला बोलणारा कोणीतरी मिळावा, एवढेच मला म्हणायचे होते. ते मी घरून तीन वाक्यांत पाठ करून नेले होते. होरेस डार्लिंग्टन कार्यवाह आहे. (तोच, जो दोन शब्दांच्या मध्ये घोट घेतो, हातात कप नसला तरी.) आपल्यात एकाचे बोलणे झाले की दुसऱ्याने लगेच तोंड उघडू नये, आधीच्या माणसाच्या शब्दांना थोडी जागा द्यावी, हे लहानपणी तुझ्या वडिलांनीच, माझ्या काकांनी, मला सांगितले होते. मी प्रत्येकाच्या शब्दांना जागा दिली. प्रत्येक वेळी ती जागा पुरती भरायच्या आत कमी सभ्य असा कोणीतरी बोलला. पाऊण तास तर मुलांना बक्षीस म्हणून गोळ्या द्याव्यात का यावरच गेला, आणि त्यात दातांच्या डॉक्टरची बायको दोनदा उभी राहिली. शेवटी होरेसने चष्मा काढला आणि, आपल्यात हात वर करून मते मोजत नाहीत म्हणून, सर्वांचे मत त्याला जसे जाणवले तसे वाचून दाखवले. लॉइड हूप्स याच्या शांत बसण्यातून त्याची तयारी स्पष्ट होते, सबब २ एप्रिलपर्यंत ओडेसाची शिकवणी त्याच्याकडेच राहावी, आणि आठवड्यातून दोनऐवजी तीनदा व्हावी. कोणाची हरकत आहे का? त्याने विचारले. मी त्याच्या शब्दांना जागा दिली. तेवढ्यात त्याने लिहून घेतले.

आजची तासिका त्यानंतरची पहिली. या वेळी मी बोलायची तयारी करून गेलो होतो. बावीस कार्डांवर वाक्ये लिहिली होती. पहिल्या पाच कार्डांवर भूमिती होती. ती चार मिनिटांत संपली. मग मी घाबरलो आणि १९७४ साली दोन भावांच्या शेतांमधली हद्द मोजली होती त्याची हकीकत सांगू लागलो. तिथे समांतर रेषा होत्या, म्हणून सुरुवात केली. पण मध्ये एक डुकरांचा गोठा बरोबर हद्दीवर आला, आणि मग थांबता येईना. ओडेसा म्हणाली, “लॉइड, श्वास घे.” नंतर म्हणाली, “मग डुकरं कोणाची झाली?” ते सांगितले. मग तिला दहा सिद्धता सोडवायला दिल्या. दोन आल्या.

आणि आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट लिहितो. ती पहिली ओळ लिहिते, बरोबर. दुसरी लिहिते, बरोबर. मग वर माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, कारण जो माणूस बरोबर चालला आहे त्याला मध्येच हाक मारू नये. तशी ती लगेच रबर घेते आणि दोन्ही ओळी खोडते. चार वेळा असे झाले. बरोबर ओळी का खोडते हे मला कळत नाही, आणि वीस दिवस राहिले आहेत. तुला काही कळत असेल तर लिही. लेटीला विचारले असते, पण ते आता होणे नाही.

गुडघ्याला ऊब दे. बाकी ठीक.

तुझा,
लॉइड

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. फेब्रुवारीत मिजने मला एक फाइल दिली होती. ओडेसा कशी शिकते, तिच्याशी कसे वागावे, हे लेटीने आजारी पडण्यापूर्वी लिहून ठेवले आहे. वरच्या चिठ्ठीवर लेटीचे अक्षर आहे. तिचा ओ नेहमी वरून थोडा उघडा राहतो, तसा. मी ती फाइल पिशवीत ठेवली. सातही वेळा ती पिशवीतून शाळेत गेली आणि पिशवीतूनच परत आली. मिजने पहिल्याच आठवड्यात विचारले, वाचलीस ना? मी हो म्हणालो. फीबी, आपण शपथ घेत नाही, कारण आपला साधा होकार खराच असतो असे आपण जगाला सांगतो. माझा नव्हता. तर माझे मागणे असे की तू काही दिवस इकडे यावेस. तू शेजारी बसलीस तर मी फाइल उघडेन. ती टपालाने पाठवता येत नाही, मुलीचे खासगी कागद आहेत. (वर पायऱ्यांबद्दल विचारले ते काळजीने विचारले हे खरेच, पण आमच्या घराला सात पायऱ्या आहेत, तेही मनात होते.)

ता. क. २. पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना हिशोब केला. पत्र तुला सोमवारी मिळणार. तू लगेच निघालीस तरी बुधवार उजाडेल. तोवर मुलगी आणखी कितीतरी बरोबर ओळी खोडेल. म्हणून स्वयंपाकघरात उभा राहूनच फाइल उघडली. एकच पान निघाले. ते असे आहे: “ओडेसाला सगळे येते, पण ते तोंडाने म्हटल्याशिवाय तिला पटत नाही. तिला मोठ्याने बोलत सोडवू द्या. प्रत्येक पायरीला तिच्याकडे बघून ‘हं, मग?’ म्हणा. एवढे पुरते. समोरचा गप्प राहिला की तिला वाटते आपले चुकले, आणि ती खोडते. शांतता इथे चालणार नाही. (हिला कधीही माझ्या नवऱ्याकडे देऊ नये. माणूस सोन्यासारखा आहे, पण तो थांबतो.)”

मी खाली बसलो. चव्वेचाळीस वर्षे मला वाटत होते की घरी मी चांगला बोलतो. रोज जेवताना मी दिवसभराचे सगळे सांगत असे. आता आठवून बघतो तर प्रत्येक वाक्यानंतर टेबलाच्या पलीकडून “हं, मग?” येत असे.

ता. क. ३. मिजला फोन केला. फाइल आत्ता वाचली, फेब्रुवारीत खोटे बोललो, हे एका दमात सांगितले. ती पलीकडे इतका वेळ गप्प राहिली की मी घड्याळाकडे बघितले. अकरा सेकंद. मग म्हणाली, “अरे, तो कंस वाचला होता ना मी! म्हणूनच तर तुला नेमलं. म्हटलं, लेटीने असं लिहिलेलं वाचून हा माणूस दुसऱ्या दिवसापासून पोपटासारखा बोलेल. आणि तू तर काचेआड बसून राहिलास! मला वाटलं, मेलेल्या बायकोशी सुद्धा वाद घालतोय.” मी माफी मागितली. ती म्हणाली, आता तुला काढून टाकायलाही उशीर झालाय, होरेसने नोंद केलीय आणि ती खोडायची तर आणखी एक बैठक घ्यावी लागेल. मग हळूच म्हणाली, “शनिवारी ओडेसाला जादा तासिका ठेवू का?” मी लगेच हो म्हणालो. तिच्या शब्दांना जागा दिली नाही.

तेव्हा वरचे मागणे बदलतो. येऊ नकोस असे नाही, वाटेल तेव्हा ये. पण शुक्रवारपासून, म्हणजे उद्यापासून, मीच तुला रोज संध्याकाळी पाचला फोन करीन. (उद्यापर्यंत हे पत्र पोचणार नाही. फोन आला की दचकू नकोस, कोणी गेलेले नाही.) तू बोलायचेस. विषय कुठलाही चालेल, उतार, गुडघा, तुमच्या सभेतली ती टोपीवाली बाई. मी मध्ये मध्ये “हं, मग?” म्हणायचा सराव करीन. उशीर झाला किंवा चुकीच्या जागी आले तर सांग. तू फोनवर बोलायचीस तेव्हा मी रिसीव्हर टेबलावर ठेवून वर्तमानपत्र वाचत असे, हेही आजच सांगून टाकतो, कारण आज खरे बोलायला सुरुवात केलीच आहे. आता ठेवणार नाही. ओडेसा जाता कामा नये.

सव्वासहा झाले, बाहेर अजून उजेड आहे. पाकीट चिकटवले होते ते हे लिहायला फोडले, आता दुसरे घेतो. सकाळच्या टपालात टाकीन. जेवणाला दोन बटाटे सोलायला घेतले आहेत, आणि काय करतो आहे ते मोठ्याने म्हणत एक सोलून झाला आहे.